हंसविणाऱ्या आणि चकविणाऱ्या चित्रपटांचा न्यायनिवाडा

कलेच्या दरबारांत मानाच्या जागा थोड्या असतात. संतचरित्र, शोकपर्यवसायी कथा किंवा समाजसुधारणेचा प्रश्न मांडणारें कथानक यांना त्या जागा सहज मिळतात. लोकांना हंसविणारा विदूषक आणि शेवटपर्यंत रहस्य राखणारा कथाकार यांना मात्र बहुधा दाराशींच उभें राहावें लागतें. लोक त्यांच्याभोंवतीं गर्दी करतात, आणि टीकाकार ती गर्दी हाच त्यांच्या हीनतेचा पुरावा मानतात. हॉलिवूडच्या विनोदी व रहस्यप्रधान चित्रपटांविषयीं हा वाद झाला, तसाच तो मराठी चित्रपटांविषयींही झाला. त्यांत न्याय कोणीं कसा दिला आणि तो किती टिकला, हें पाहणें उद्बोधक आहे.

हिंदुस्थानांतील प्रेक्षकांची आवडनिवड पद्धतशीरपणें अजमावण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९२७ सालीं झाला. त्या वर्षीं सरकारनें टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशी समिती नेमली. तिनें देशभर हिंडून ३५३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या व १९२८ मध्यें अहवाल सादर केला. अमेरिकन चित्रपट पाहून येथील लोकांच्या मनांत पाश्चात्त्य समाजाविषयींचा आदर तर कमी होत नाहीं ना, ही सरकारची चिंता होती. प्रेक्षक मात्र या चिंतेपासून फार दूर होता. डग्लस फेअरबँक्सचा 'द थीफ ऑफ बगदाद', चार्ली चॅप्लिन व हॅरॉल्ड लॉइड यांचे विनोदी चित्रपट, आणि भागाभागांनीं दाखविल्या जाणाऱ्या साहसाच्या व रहस्याच्या मालिका यांवर तो लुब्ध होता.

या आवडीचें कारण शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. मोठ्या शहरांबाहेर, वऱ्हाडाच्या टोंकास पैनगंगेच्या खोऱ्यांत वसलेल्या उमरखेडसारख्या गांवांकडे चित्रपट जाई तो बहुधा फिरत्या तंबूंतून. मूकपटांतील परभाषेच्या पाट्या तंबूंत जमिनीवर बसलेल्या शेतकऱ्याला वाचतां येत नसत. पण शिपायाच्या हातून निसटणारा चॅप्लिनचा भटक्या त्याला पाटीवांचून कळे. दुबळ्यानें बलिष्ठाला चकविलें म्हणजे होणारा आनंद कोणत्याही भाषेंत सारखाच असतो. रहस्याच्या मालिकेंतही तेंच. नायक कड्यावरून लोंबकळत असतां भाग संपे, आणि पुढें काय झालें हें जाणण्याची उत्कंठा साक्षर व निरक्षर दोघांनाही सारखीच लागे. सुशिक्षितांनीं ज्याला उथळपणा म्हटलें, त्यांत सर्वांना सामावून घेण्याची ही शक्ति होती.

१९३१ मध्यें 'आलम आरा' आणि १९३२ मध्यें मराठी 'अयोध्येचा राजा' प्रकट झाला, आणि पडदा बोलूं लागला. आतां केवळ धडपडण्यानें भागेना. विनोदाला आपल्या भाषेचा, आपल्या घरांतल्या माणसांचा आधार हवा होता. तो पुरविण्याचें मोठें श्रेय कोल्हापूरच्या 'हंस पिक्चर्स' या संस्थेकडे जातें. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनीं ती १९३६ मध्यें स्थापिली. तिचा पहिला चित्रपट 'छाया' हा वि. स. खांडेकर यांच्या कथेवरचा, गंभीर व सामाजिक होता. परंतु संस्थेचें नांव घरोघर नेलें तें १९३८ च्या 'ब्रह्मचारी'नें.

'ब्रह्मचारी'ची कथा प्र. के. अत्रे यांची. ब्रह्मचर्यावरील व्याख्यानानें भारावलेला औदुंबर भिंतीवरचीं नटींचीं चित्रें काढून टाकतो, व्रतस्थ तरुणांच्या संस्थेंत दाखल होतो, आणि किशोरीची गांठ पडतांच त्याचा निश्चय ढांसळूं लागतो. मीनाक्षी शिरोडकर यांनीं पोहण्याच्या पोशाखांत म्हटलेल्या गाण्यावरून मोठा गहजब झाला. नीतीच्या कैवाऱ्यांनीं तो पोशाख तेवढा पाहिला. वस्तुतः चित्रपटाचा रोंख निराळाच होता. जें व्रत विचारानें नव्हे तर टाळ्यांच्या गजरांत घेतलें जातें, त्याची ती थट्टा होती. प्रेक्षकांनीं चित्रपट उचलून धरला. त्यांतले सगळेच उपरोधाचे भोक्ते होते असें नाहीं. पुष्कळ जण त्या एका गाण्यासाठींच आले असतील. पण हंसत बाहेर पडणाऱ्या तरुणाला औदुंबराच्या जागीं स्वतःची थोडीशी ओळख पटली असेल, तर टीकेचें जें काम तें विनोदानेंच केलें असें म्हणावें लागतें.

पुढील वर्षीं आलेल्या 'ब्रँडीची बाटली'मध्यें दामूअण्णा मालवणकर यांनीं म्युनिसिपालिटींतला भोळा कारकून रंगविला. ब्रँडी म्हणजे काय हेंही ज्याला ठाऊक नाहीं, अशा सज्जनाला तिच्या शोधांत वणवण करावी लागते. १९३९ च्या ऑगस्टांतच मुंबई शहरांत दारूबंदी अंमलांत आली होती. त्यामुळें ही थट्टा प्रेक्षकाच्या रोजच्या जीवनाला जाऊन भिडली. १९४० च्या 'लग्न पहावं करून'मध्यें चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. लॉरेल आणि हार्डी यांच्याप्रमाणें येथेंही जोडी होती खरी. परंतु चिमणरावांचा भित्रेपणा, त्यांचा कुटुंबवत्सलपणा आणि त्यांची अब्रूची काळजी हीं शुद्ध मराठी मध्यमवर्गाचीं होतीं.

प्रेक्षक नेहमींच बरोबर असतो, असें मात्र समजूं नये. 'ब्रह्मचारी' गाजला त्याच १९३८ सालीं अमेरिकेंत हॉवर्ड हॉक्स यांचा 'ब्रिंगिंग अप बेबी' हा विनोदी चित्रपट आला, आणि तेथील प्रेक्षकांनीं त्याकडे बहुतांशीं पाठ फिरविली. पुढें जाणत्यांनीं त्याची थोरवी ओळखली आणि १९९० मध्यें अमेरिकेच्या जतन करण्याजोग्या राष्ट्रीय चित्रपटांत त्याची निवड झाली. तिकिटाची खिडकी हेंही एक न्यायासन आहे. पण तेंही चुकतें.

पदकांचा न्याय तिसरा. १९३७ मध्यें व्हेनिसच्या महोत्सवांत मराठीचा गौरव झाला तो प्रभातच्या 'संत तुकाराम'मुळें. १९५४ मध्यें राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें तें 'श्यामची आई'ला, आणि त्याचे निर्माते-दिग्दर्शक होते तेच अत्रे. दोन्ही चित्रपट त्या मानास सर्वस्वीं पात्र होते. 'ब्रह्मचारी'च्या काळीं असलें राष्ट्रीय पदकच नव्हतें, म्हणून दोष कोणाला देतां येत नाहीं. तरीही एकाच लेखकाचे अश्रू राष्ट्राच्या सन्मानाला पात्र ठरावे आणि त्याचें हंसूं गल्ल्याच्या हिशेबांत राहावें, यांत मानाच्या वांटणीची रीत दिसून येते. हॉलिवूडांतही १९३४ च्या 'इट हॅपन्ड वन नाइट' या विनोदी चित्रपटानें पांच प्रमुख पारितोषिकें मिळविलीं, हा अपवादच मानला जातो.

रहस्यकथेची कहाणी याहून बोलकी आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचें ऑस्कर कधींच मिळालें नाहीं. ते कसबी खरे, पण केवळ करमणूक करणारे, असें पुष्कळ टीकाकार म्हणत. फ्रान्समधील त्रुफो, शाब्रोल, रोमेर या तरुण टीकाकारांनीं १९५० नंतरच्या दशकांत त्यांची बाजू हिरीरीनें मांडली. १९५८ सालीं ज्याचें स्वागत थंडपणें झालें, तो 'व्हर्टिगो' २०१२ मध्यें इंग्लंडांतील 'साइट अँड साउंड' मासिकानें घेतलेल्या टीकाकारांच्या कौलांत पहिला आला. मराठींत बाबूराव अर्नाळकर यांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयांत त्या हातोहात जात. वाङ्मयचर्चेंत मात्र त्यांना क्वचितच बोलावणें येई. पडद्यावर हा अन्याय कांहींसा दूर झाला. १९५२ मध्यें 'लाखाची गोष्ट' व 'पेडगांवचे शहाणे' देऊन लोकांना हंसविणाऱ्या राजा परांजपे यांनींच १९६४ मध्यें 'पाठलाग' हा रहस्यपट दिला. मृत पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी एक स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि आपणच ती पत्नी असें सांगते, हा त्यांतला पेंच. त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, प्रेक्षकही लाभले, आणि १९६६ मध्यें 'मेरा साया' या नांवानें तो हिंदींत गेला. येथें तिन्ही न्यायासनांचा निकाल एकच पडला.

१९७१ च्या 'सोंगाड्या'पासून तीं पुन्हां फुटलीं. दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी बोलण्यावर सुशिक्षितांनीं नाकें मुरडलीं; गिरणी कामगार व खेडूत यांनीं त्यांचे चित्रपट आठवड्यांमागून आठवडे चालविले. त्यांत ग्राम्यता होती हें टीकाकारांचें म्हणणें खोटें नव्हे. परंतु नाडीची चड्डी घातलेला बावळा पडद्याचा नायक होऊं शकतो, याचें त्या प्रेक्षकांना काय मोल होतें, हें त्यांनीं क्वचितच विचारलें.

हा सगळा केवळ मानापमानाचा प्रश्न असता, तर काळानें तो आपोआप मिटविला असता. पण ज्याला जो काळ क्षुद्र मानतो, तें तो जपून ठेवीत नाहीं. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्यें निघालें, तोंवर आपल्या मूकपटांपैकीं बहुतेक नाहींसे झाले होते. २००३ मध्यें तेथील जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा आगीनें खाल्ला. पुस्तक एका घरांत फाटलें तर दुसऱ्या घरांत सांपडतें. चित्रपटाच्या प्रतीच मोजक्या, आणि एकदां गेलेली फीत पुन्हां येत नाहीं. पुढल्या पिढीला आपल्या पूर्वजांचे आदर्श कशांत होते हें गंभीर चित्रपटांवरून कळेल; पण ते कोणाला भीत, कशाला लाजत आणि कोणत्या ढोंगावर मनमुराद हंसत, हें कळण्यास त्यांचे विनोदी व रहस्यप्रधान चित्रपटच पाहावे लागतील. टीकाकारानें त्यांतलें हीन तें हीन म्हणावें, तो त्याचा अधिकारच आहे. मात्र निकाल देण्यापूर्वीं चित्रपट डोळ्यांसमोर असावा लागतो, आणि पुढच्या न्यायाधीशासाठीं तो राखून ठेवणें हें आजच्या न्यायाधीशाचें पहिलें कर्तव्य आहे.