स्टेरिंग हलकं लागतंय

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक गरमागरम चर्चा झाली. आमच्या टीममधल्या एकाने घरच्या रेसिंग सिम्युलेटरसाठी नवीन स्टेअरिंग मागवलं. त्यात मोटर नाही, पेडल नाहीत, सीट तर नाहीच नाही. फक्त हातात धरायचं चाक. बीएमडब्ल्यू एम४ जीटी३ या रेसिंग कारचं, फानाटेक कंपनीने बनवलेलं. मूळ किंमत सुमारे दीड हजार युरो. म्हणजे कस्टम ड्यूटी धरून दीड लाखाच्या वरच. "अरे एवढ्यात जुनी अल्टो येते, आणि तिला चार चाकं वर स्टेपनी!" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. पण नंतर विचार करायला लागलो की खेळण्याच्या चाकाला दीड लाख मोजावेत असं त्यात नक्की काय आहे? शनिवार-रविवार त्यातच गेला, आणि शोधता शोधता जे हाती लागलं ते भन्नाट निघालं.

पण त्याआधी थोडं आमच्या गावाबद्दल. मी उमापूरचा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. आमच्याकडे रेसिंग कार सोडाच, चारचाकी म्हणजे मुख्यतः ट्रॅक्टर. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर गढीच्या कारखान्याकडे जाताना लहानपणापासून बघितलेत. आमचे चुलते ट्रॅक्टर चालवायचे आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "स्टेरिंग हलकं लागतंय रे, उतर खाली." चढावर मागच्या ट्रॉल्यांचा ओढा इतका असतो की वजन सगळं मागच्या मोठ्या चाकांवर जातं आणि ट्रॅक्टरचं तोंड उचलायला लागतं. पुढची चाकं जमिनीला नुसती टेकलेली असतात. ती तशी झालीयेत हे डोळ्यांना दिसायच्या आधी हातांना कळतं. म्हणून तर पुढच्या बंपरवर लोखंडी वजनं टाकतात. ती नसली तर पोरं बसवतात. ते भयंकर धोक्याचं आहे, पण बसवतात. मला तेव्हा वाटायचं हलकं स्टेअरिंग म्हणजे चांगलंच की, हात दुखत नाहीत! ते हलकं लागणं म्हणजे धोक्याची घंटा असते हे नंतर समजलं.

आता गंमत बघा. रेसिंग ड्रायव्हरसुद्धा हीच घंटा ऐकत असतो. फक्त त्याच्याकडे कारण वेगळं असतं. वळणावर टायरचा जो तळवा रस्त्याला टेकलेला असतो तो पिळला जातो. त्या पिळाचं बळ तळव्याच्या मध्यबिंदूच्या थोडं मागे लागतं, त्यामुळे चाक आपोआप सरळ व्हायला बघतं आणि ती ओढ स्टेअरिंगमधून हाताला लागते. वळण जसं जोरात घ्याल तशी ओढ वाढत जाते. पण टायर सुटायच्या बेतात आला की तळव्याचा मागचा भाग आधी घसरायला लागतो, बळाचा बिंदू पुढे सरकतो आणि ओढ एकदम कमी होते. म्हणजे टायर अजून धरून आहे, पण स्टेअरिंग हलकं झालंय. चांगला ड्रायव्हर त्या अर्ध्या क्षणात सावरतो. बाकीचे बॅरियरवर जातात.

माझ्या मते घरगुती रेसिंग चाकाचा सगळा इतिहास हा एवढा एक हलकेपणा खोटा-खोटा तयार करण्याचा इतिहास आहे. दिसण्याची नक्कल फार लवकर जमली. या हलकेपणाची जमायला तीसेक वर्षं गेली.

मुळात गाडीला गोल चाक आलं तेच उशिरा. सुरुवातीच्या गाड्यांना नावेच्या सुकाणूसारखा दांडा असायचा. १८९४च्या पॅरिस ते रूआँ शर्यतीत आल्फ्रेद वाशरों याने आपल्या पानार गाडीला गोल चाक बसवलं होतं, आणि ही पहिली नोंद मानतात. दांड्याचा त्रास असा की दगडावर चाक आदळलं की दांडा हातातून उडायचा. (बैलगाडीत कासऱ्याला बसणारा हिसका ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको.) मग पुढचं शतकभर खऱ्या गाडीच्या इंजिनिअरांनी एकच ध्यास घेतला, की रस्त्याचे धक्के चालवणाऱ्याच्या हातापर्यंत पोचू द्यायचे नाहीत. वर्म गिअर आले, १९५१ साली क्रायस्लर इम्पीरियलमध्ये पॉवर स्टेअरिंग विक्रीला आलं, आणि आता तर साध्या हॅचबॅकमध्येही विजेची मोटर स्टेअरिंग फिरवायला मदत करते. इकडे खेळवाले मात्र तेच धक्के मोटर लावून परत हातात आणायला धडपडत होते. दोन्हीकडे मोटरच, काम बरोबर उलटं!

खेळांत चाक आलं १९७४ साली. अटारीचा 'ग्रॅन ट्रॅक १०' आणि जपानमध्ये टायटोचा 'स्पीड रेस', दोन्ही एकाच वर्षी. 'स्पीड रेस' बनवणारा तोमोहिरो निशिकादो म्हणजे ज्याने पुढे 'स्पेस इन्व्हेडर्स' केला तोच. 'ग्रॅन ट्रॅक'मध्ये मायक्रोप्रोसेसर नव्हता, तरी स्टेअरिंग, गिअर आणि पेडल होते! पण ते चाक हाताला काहीच सांगत नव्हतं. फिरवा, गाडी वळते, बास.

खरी उडी १९८९च्या 'हार्ड ड्रायव्हिन'ची. हाही अटारीचाच. त्याला चावी होती, क्लच होता, आणि चाकामागे एक मोटर होती जी हाताला उलटं ढकलायची. टायरची गणितं बसवण्यासाठी त्यांनी डग मिलिकेनची मदत घेतली आणि खेळाच्या श्रेयनामावलीत त्याला 'टेस्ट ड्रायव्हर' म्हटलं. इंजिनिअरिंगला असताना ज्यांनी बाहा किंवा सुप्रासाठी गाडी बनवली असेल त्यांना हे नाव माहीत असणारच. 'रेस कार व्हेईकल डायनॅमिक्स' हे जाडजूड पुस्तक लिहिणाऱ्या बाप-लेकांतला लेक तो हाच. आमच्या कॉलेजात त्या पुस्तकाची पीडीएफ पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर फिरायची, वाचली किती जणांनी हा वेगळा प्रश्न. असो.

घरी हे यायला अजून वेळ लागला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर थ्रस्टमास्टरची जी चाकं होती ती रबराच्या दोरीवर किंवा स्प्रिंगवर परत यायची. म्हणजे किती वळलात त्याप्रमाणे ओढ, टायरचं काय चाललंय त्याच्याशी संबंध शून्य. दशक संपता संपता मोटरवाली आली. मग लॉजिटेकच्या २००४च्या ड्रायव्हिंग फोर्स प्रोने ९०० अंश फिरणारं चाक दिलं, म्हणजे खऱ्या गाडीसारखे अडीच वेढे. आणि २००६ साली आलं जी२५. चामड्याची पकड, तीन पेडल, हाताने टाकायचे सहा गिअर, आत दोन मोटर. ते इतकं गाजलं की पुढची दहा वर्षं त्याचीच भावंडं निघत राहिली. पण त्यात मोटरचं बळ दातेरी गिअरमधून यायचं, आणि दात म्हटले की मधे फट आली. नेमका जिथे हलकेपणा कळायला हवा तिथे हाताला खडखड कळायची.

यावर उपाय कंपन्यांच्या आधी हौशी लोकांनी काढला. वाळूजच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर असते तसली सर्वो मोटर घ्यायची आणि तिच्या दांड्यावर थेट चाक बसवायचं. मधे गिअर नाही, पट्टा नाही. फिनलंडच्या ग्रॅनाइट डिव्हायसेसचे सर्वो ड्राइव्ह वापरून लोकांनी गॅरेजमध्ये असली यंत्रं जोडली, आणि पुढे त्याच कंपनीने सिम्युक्यूब नावाने तयार माल काढला. फानाटेकचंही असं थेट मोटरचं मॉडेल आलं, २५ न्यूटन-मीटरचं. हिशोब करून बघा. लॉजिटेकच्या साध्या चाकाचं बळ सव्वादोन न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे कडेला जेमतेम दीड किलोची ओढ. २५ न्यूटन-मीटर आणि ३० सेंटीमीटर व्यासाचं चाक म्हणजे सतरा किलो! हातात सतरा किलो असताना ते एकदम दहावर आलं तर झोपलेला माणूसही जागा होईल. दीडाचं एक झालं तर कुणाला कळतंय?

दिसण्याची नक्कल मात्र वेगळ्याच वाटेने गेली. जियानपिएरो मोरेत्ती या इटालियन रेसरने स्वतःसाठी जाड पकडीचं चाक बनवून घेतलं, १९६४ साली जॉन सर्टीझने ते फेरारीवर वापरलं आणि त्याच वर्षी तो जगज्जेता झाला. ती मोमो कंपनी. लॉजिटेकने पुढे मोमोचं नाव घेऊन घरगुती चाकं विकली. पण तोवर रेसिंगचं चाक म्हणजे एक कडं होतं. सगळं मोल त्याच्या पलीकडे जे जोडलेलं असे त्याचं. १९८९ साली जॉन बर्नार्डने फेरारी ६४०च्या चाकामागे गिअरच्या पाती बसवल्या आणि पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलला, नायजेल मॅन्सेल जिंकला. तिथून चाकावर बटणं, दिवे, स्क्रीन चढत गेले. म्हणजे रेसिंगचं चाक हळूहळू इलेक्ट्रॉनिक्सचा डबा झालं. आणि डबा बनवणं हे तर गेमवाल्यांच्या घरचं काम! थ्रस्टमास्टरने २०११ साली फेरारीच्या एफ१ चाकाची हुबेहूब मापाची प्रतिकृती काढली. आणि २०२० साली बीएमडब्ल्यू-फानाटेकने जाहीर केलं की एम४ जीटी३ला बसणारं चाक आणि तुमच्या घरच्या टेबलाला बसणारं चाक ही एकच वस्तू असेल. गाडीवरून काढा, घरी लावा. आमच्या मित्राने मागवलं ते हेच. त्याला नक्कल म्हणायचं तरी कसं? (एवढं करूनही फानाटेकची मूळ कंपनी एंडॉर २०२४ साली दिवाळखोरीत गेली आणि कोर्सेअरने ती घेतली. चांगला माल आणि चांगला धंदा यांचा संबंध असतोच असं नाही.)

आता आपल्याकडे येऊ. गावाकडे ट्रॅक्टरच्या बॉनेटवर जे महिंद्राचं नाव दिसतं, तेच नाव ७ जानेवारी २०१७ला लास वेगासमध्ये एका पडद्यावर सगळ्यांच्या पुढे होतं. फॉर्म्युला ई ही विजेच्या गाड्यांची शर्यत, आणि महिंद्रा तिच्यात पहिल्या हंगामापासून आहे. त्या दिवशी त्यांनी सिम्युलेटरवर शर्यत ठेवली. वीस खरे ड्रायव्हर, दहा घरी बसून तयार झालेले खेळाडू, एकूण बक्षीस दहा लाख डॉलर. महिंद्राकडून खेळणारा फिनलंडचा ओली पाहकाला पहिला आला. नंतर कळलं की प्रेक्षकांच्या मतांवर मिळणारी जादा ताकद त्याला ठरल्यापेक्षा जास्त वेळ मिळत राहिली होती. सॉफ्टवेअरचा बग! त्याला बारा सेकंदांचा दंड झाला आणि तो तिसरा. बोनो हुइस जिंकला. महिंद्राचाच फेलिक्स रोझेनक्विस्ट दुसरा, आणि पहिल्या तिघांत खरा ड्रायव्हर तो एकटाच. आयटीवाल्या माणसाला ही गोष्ट वाचून पोटात गोळा येतो. कुणाच्या तरी एका चुकलेल्या कंडिशनमुळे कुणाचे तरी दोन लाख डॉलर गेले.

२०२०च्या मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, याच फॉर्म्युला ईच्या घरबसल्या शर्यतीत ऑडीच्या डॅनिएल आब्टने आपल्या जागी एका सिम खेळाडूला बसवलं. पकडला गेला आणि ऑडीने त्याला निलंबित केलं. चाकाची नक्कल चालते, ड्रायव्हरची नाही.

मग ही चाकं म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ का? दीड लाखाचं चाक हो, नक्कीच. पण खरं रेसिंग त्याच्या कितीतरी पट महाग आहे. शाळेच्या वयापासून कार्टिंग, टायर, मेकॅनिक, परदेशवाऱ्या. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० साली फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला, पण तिथवर पोचणारी वाट उमापूरहून सुरूच होत नाही. जुन्या लॉजिटेक चाकावरून एक वाट मात्र खरंच गेली होती. निस्सान आणि प्लेस्टेशनने २००८ साली जीटी अकॅडमी काढली, गेम जिंकणाऱ्याला खरी गाडी देणारी. २०१४ साली ती भारतातही झाली. २०११च्या अकॅडमीत वेल्सचा जॅन मार्डनबरो निवडला गेला, आणि दोन वर्षांत तो ल मान्सला आपल्या गटात तिसऱ्या क्रमांकावर होता. त्याच्यावरचा 'ग्रॅन टुरिस्मो' सिनेमा (२०२३) बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

सिनेमात अपघात ल मान्सच्या आधी दाखवलाय. प्रत्यक्षात तो नंतरचा, २८ मार्च २०१५चा, जर्मनीतल्या नूरबुर्गरिंगवर. फ्लुगप्लाट्झ नावाच्या उंचवट्यावर त्याच्या निस्सानचं तोंड उचललं, पुढची चाकं रस्त्यावरून सुटली, खालून हवा घुसली आणि गाडी मागे उलटून कुंपणापलीकडे गेली. तो वाचला. पलीकडे उभा असलेला एक प्रेक्षक वाचला नाही. त्या वर्षी तिथे शर्यतीत वेगमर्यादा लावली, आणि २०१६च्या हंगामाआधी तिथले उंचवटे कमी करून रस्ता नव्याने केला.