पाय वांचविण्याची विद्या



घरांतील वडीलधाऱ्या माणसास मधुमेह असावा, त्याच्या तळपायाला लहानशी जखम व्हावी आणि ती कांहीं केल्या भरूं नये, हा अनुभव आज आपल्यांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारें १० कोटी १० लाख आहे. अशा घरांत जखम दिसली, कीं साखरेच्या आंकड्याहून निराळाच एक प्रश्न सर्वांच्या मनांत येतो. परंतु तो कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं. पाय राहील कीं जाईल, हा तो प्रश्न. त्याचें उत्तर गेल्या पावणेदोनशें वर्षांत कसकसें पालटत गेलें, हें आज थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे. हा केवळ औषधांचा इतिहास नव्हे. एका चुकीच्या समजुतीपायीं असंख्य पाय गेले. ती समजूत कोणीं व कशी दूर केली, याची ही हकीकत आहे.

या विषयाकडे मी वळलों तो ग्रंथांमुळें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं ऐन आषाढांत माझ्या आईला घरांतील फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. वडील बाजार करून, जिना चढून, चहा घेत स्वस्थ बसले होते. पाहतों तों चपलेच्या तळांतून वर आलेला एक बारीक खिळा त्यांच्या पावलांत रुतलेला! त्यांना दुखत नव्हतें, आणि दुखत नाहीं म्हणून आम्हांलाहि काळजी वाटली नाहीं. मलमपट्टी चालू राहिली आणि त्यांचें रोजचें चालणेंहि चालू राहिलें. दीड महिन्यानें एका शल्यवैद्यांनीं गुडघ्याखालीं पाय काढावा लागेल असें सांगितलें, तेव्हां कोठें आम्ही जागे झालों.

मधुमेह आणि न भरणारे व्रण यांचें नातें आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेंतून सुटलेलें नव्हतें. चरकानें प्रमेहांत उद्भवणाऱ्या सात पिडका सांगितल्या आहेत, आणि मधुमेह्याच्या पिडका बहुधा शरीराच्या खालच्या भागांत होतात, हें निरीक्षण सुश्रुतानें नोंदविलें आहे. व्रणावर करावयाचे साठ उपक्रमहि त्यानें दिले आहेत. परंतु जखम पायालाच कां होते, आणि ती भरत कां नाहीं, या प्रश्नांची उकल होण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

इसवी सन १८५२ मध्यें मार्शाल द काल्वी या फ्रेंच वैद्यानें मधुमेह व पाय सडणें, ज्यास आपण गँग्रीन म्हणतों, यांचा संबंध आहे असें प्रतिपादन केलें. दोनच वर्षांनीं, म्हणजे १८५४ सालीं, इंग्लंडमध्यें टॉमस हॉजकिन यानेंहि तसाच निष्कर्ष मांडला. यापुढें एक समजूत मात्र दृढ होत गेली. ती अशी, कीं मधुमेह्याचें मांसच मुळीं सदोष. तें भरून येणें नाहीं. सडूं लागलें तर कापून टाकावें, आणि तेंहि पुरेसें वर कापावें. त्या काळीं इन्शुलीन नव्हतें, जंतुनाशक औषधें नव्हतीं. कापूनहि रोगी वांचत असे असें नाहीं. अशा स्थितींत वैद्यांनीं हात टेकले, तर त्यांना सर्वस्वी दोष देतां येणार नाहीं.

तथापि त्याच काळांत एका शल्यवैद्यानें निराळी वाट दाखविली होती. फ्रेडरिक ट्रीव्ह्ज हें त्याचें नांव. पुढें १९०२ सालीं राज्यारोहणाच्या तोंडावर सातव्या एडवर्ड बादशहावर शस्त्रक्रिया करणारा तो हाच. १८८४ सालीं त्यानें तळपायाला खोल पोखरीत जाणाऱ्या व्रणावर एक निबंध लिहिला. असा व्रण होतो तेथें आधीं कातडीचा जाड घट्टा असतो, हें त्यानें पाहिलें. तो अळशीच्या पोटिसांनीं हा घट्टा मऊ करी, रोज थोडा थोडा कापून काढी आणि रोग्यास बिछान्यावर पडून राहावयास लावी. व्रण भरून येत असे. रोगी पुन्हां पूर्वींसारखा चालूं लागला, कीं व्रणहि पुन्हां उघडे. म्हणून बरें झाल्यावर पायांत काय घालावें व पायाची निगा कशी राखावी, हेंहि तो शिकवी. घट्टा काढणें, पायावरचा भार काढणें आणि रोग्यास शिकविणें, या तीन गोष्टींवर आजची चिकित्सा अद्यापि उभी आहे. तीन वर्षांनीं, १८८७ सालीं, डेव्हिस प्राइस यानें मधुमेह, मज्जातंतूंची विकृति व असे व्रण एकाच रोग्याच्या ठायीं असल्याचें वर्णन केलें. मांस सदोष नसून पायाची संवेदना हरपलेली आहे, हा अर्थ त्यांत दडलेला होता. परंतु तो पुरता ध्यानांत येण्यास आणखी साठ वर्षें लागलीं.

दरम्यान १९२१ सालीं टोरांटो येथें इन्शुलीनचा शोध लागला, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं चौदा वर्षांच्या एका मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. यानें मधुमेह्यांचें आयुष्य वाढलें. पण आयुष्य वाढलें म्हणूनच पायांचें दुखणें पुढें आलें. बोस्टनचे विख्यात मधुमेहतज्ज्ञ एलियट जॉस्लिन यांनीं १९३४ सालीं या संकटावर एक लेख लिहिला. बेशुद्ध होऊन मरणारे मधुमेही आतां थोडे झाले, पण पाय सडून मरणारे वाढले, असें त्यांनीं दाखवून दिलें. हें संकट आकाशांतून कोसळत नाहीं, तें आपल्या हयगयीनें ओढवतें, म्हणून तें टाळतांहि येतें, असा त्यांचा आग्रह होता. पायांची स्वच्छता, रोजची तपासणी आणि वैद्य, परिचारिका व शल्यवैद्य यांनीं एकत्र काम करणें, या गोष्टींवर त्यांनीं भर दिला.

या हकीकतींतील सर्वांत महत्त्वाचें प्रकरण मात्र आपल्याच देशांत घडलें, आणि तें मधुमेहाच्या नव्हे, तर कुष्ठरोगाच्या निमित्तानें. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ सालीं तामिळनाडूंतील कोल्ली डोंगरांत एका मिशनरी कुटुंबांत झाला. १९४६ सालीं ते शल्यवैद्य म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत रुजू झाले. कुष्ठरोग्यांचीं बोटें झडतात, पायांना भोकें पडतात, तीं त्यांच्या मांसांतच दोष असतो म्हणून, असें त्या काळीं सर्रास मानलें जाई. ब्रँड यांनीं अशा हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि काय आश्चर्य, जखमा इतर माणसांच्या जखमांसारख्याच भरून आल्या! मांसांत दोष नव्हता. दोष होता वेदना नसण्यांत. निरोगी माणसास खडा बोंचला, कीं तो पाय उचलतो. नवा जोडा चावूं लागला, कीं लंगडतो. ज्याला वेदनाच नाहीं, तो त्याच जागेवर दिवसभर भार देत राहतो, आणि तेथील मांस आंतल्या आंत चिरडत जातें. वेदना हा शाप नसून पहारेकरी आहे, ही गोष्ट ब्रँड यांनीं जन्मभर सांगितली.

मग उपाय काय? पायाला सर्व बाजूंनीं नीट चिकटून बसेल असें प्लॅस्टर घालावें, म्हणजे भार एका जागीं न पडतां सर्वत्र वांटला जातो व व्रणास विसांवा मिळतो. ही पद्धत १९३० नंतरच्या दशकांत श्रीलंकेंत मिलरॉय पॉल व भारतांत जोसेफ खान यांनीं कुष्ठरोग्यांवर योजली होती. ब्रँड यांनीं ती पुढें नेली. व्रण भरल्यावर वापरण्यासाठीं वेल्लोर येथें बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला तयार झाल्या. आपल्याकडे दुकानांतून 'एमसीआर चपला' म्हणून मिळतात त्यांचें मूळ तें. १९६६ सालीं ब्रँड अमेरिकेंत लुइझियाना प्रांतांतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयांत गेले. मधुमेह्यांचे पायहि याच कारणानें जातात हें तेथें स्पष्ट झालें, आणि वेल्लोरची विद्या मधुमेह्यांच्या कामीं आली. दहा ग्रॅम भारानें वांकणारा नायलॉनचा बारीक तंतु तळपायास टेंकवून स्पर्श कळतो कीं नाहीं हें पाहण्याची आजची सोपी परीक्षाहि कारव्हिल येथील कामांतूनच रूढ झाली.

दुसरा धागा रक्तपुरवठ्याचा. मधुमेह्याच्या पायांतील अगदीं बारीक रक्तवाहिन्याच बंद होतात, त्यामुळें इलाज नाहीं, असें पुष्कळ वर्षें मानलें जात असे. १९८४ सालीं लोजर्फो व कॉफमन यांनीं हा समज साधार खोडून काढला. अडथळा मोठ्या वाहिन्यांत असतो आणि तो पुष्कळदां दूर करतां येतो. त्याचीं साधनें आधींच हातीं आलीं होतीं. झाँ कुन्लाँ यांनीं १९४८ सालीं पॅरिस येथें रोग्याचीच शीर वापरून मांडीतील बंद धमनीस वळसा दिला. १६ जानेवारी १९६४ रोजीं अमेरिकेंत ऑरेगन येथें चार्ल्स डॉटर यांच्यापुढें ८२ वर्षांची एक वृद्धा आली. तिच्या पायास गँग्रीन झालेलें होतें. शल्यवैद्यांनीं पाय कापण्यास सांगितलें होतें, आणि तिनें साफ नकार दिला होता. डॉटर यांनीं धमनींत नळी सारून अरुंद झालेला मार्ग रुंद केला. पाय ऊबदार झाला, आणि पुढें ती बाई मरेपर्यंत आपल्या पायांनीं चालली.

पुढें लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत १९८१ सालीं केवळ मधुमेह्यांच्या पायांसाठीं स्वतंत्र विभाग निघाला. १९८९ सालीं इटलींतील सेंट व्हिन्सेंट येथें युरोपांतील तज्ज्ञ व सरकारी प्रतिनिधि जमले, आणि मधुमेहामुळें होणारे पादच्छेद पांच वर्षांत निम्म्यावर आणण्याचें ध्येय त्यांनीं ठरविलें. मधुमेह्यांच्या शंभर पादच्छेदांपैकीं सुमारें पंचाऐंशींचा आरंभ पायावरील एखाद्या व्रणापासून होतो, हें आतां सर्वमान्य आहे. म्हणजे व्रण टळला किंवा वेळींच भरला, तर त्यांतील बहुतेक पाय राहूं शकतात.

या सर्व इतिहासाचा आपल्या घराशीं संबंध काय? तो असा, कीं ज्या पायाला दुखत नाहीं, त्याच्याविषयींच अधिक काळजी करावी. आपल्या आईवडिलांना वांकून तळवा पाहतां येत नाहीं, दृष्टिहि मंद झालेली असते. रोज रात्रीं दिव्याजवळ बसून बोटांच्या बेचक्यांसह त्यांचे पाय मुलांनीं किंवा सुनांनीं पाहावे. चपला घालण्यापूर्वीं आंत हात फिरवावा. घरांतहि अनवाणी फिरूं देऊं नये; देवळाच्या तापलेल्या फरशीवरील प्रदक्षिणा तर टाळावीच. पाय शेकूं नयेत, गरम पाण्यांत बुडवूं नयेत, आणि भोवरी वा घट्टा घरीं पात्यानें कापूं नये. व्रण झाला तर मलमापेक्षां भार काढणें अधिक महत्त्वाचें. मात्र प्लॅस्टर घालावयाचें तें जाणत्या वैद्यानेंच. रक्तपुरवठा कमी असेल किंवा पू झाला असेल, तर तेंच घातक ठरतें. पाय लाल होऊन सुजला, काळा पडला, घाण वास आला किंवा ताप भरला, तर सकाळची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. आणि पाय कापण्याचा सल्ला मिळाल्यास, रक्तवाहिन्यांची तपासणी झाली आहे काय, हें नम्रपणें पण आवर्जून विचारावें. जहाल जंतुदोषानें जीवच धोक्यांत असेल, तेव्हां मात्र विलंब करूं नये. पाय जाऊन माणूस वांचणें हेंहि वांचणेंच. जयपूर येथें डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं १९६८ च्या सुमारास घडविलेल्या कृत्रिम पायानें हजारों माणसें पुन्हां शेतांत व कामावर गेलीं आहेत.

माझ्या वडिलांच्या बाबतींत आम्हीं दुसऱ्या एका वैद्यांचें मत घेतलें. त्यांनीं आधीं पायाची नाडी पाहिली, रक्तवाहिन्या तपासल्या, मृत मांस काढलें, जंतुदोष हटविला, आणि मग प्लॅस्टर घातलें. व्रण भरण्यास अकरा आठवडे लागले. त्या अकरा आठवड्यांत वडिलांना बसवून ठेवणें हेंच सर्वांत कठीण काम होतें; दुखत नसलेल्या माणसास विश्रांति पटत नाहीं. पाय वांचला, एक बोट मात्र गेलें. त्यानंतर रोज रात्रीं मी त्यांचे तळवे पाहूं लागलों. पहिले कांहीं दिवस त्यांना मोठा संकोच वाटे; मुलानें दिवा घेऊन आपले पाय निरखावे हें त्यांना रुचत नसे. पुढें जेवण झालें, कीं ते आपणहून पाय पुढें करीत.