तोर्ता दे आसेइते

तोर्ता दे आसेइते हा स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातील, विशेषतः सेव्हिय्या (सेव्हिल) परिसरातील, एक पातळ, कुरकुरीत व गोड भाजलेला पदार्थ आहे. गव्हाचे पीठ, ऑलिव्ह तेल, साखर, तीळ आणि ॲनिस हे त्याचे मुख्य घटक होत. हाताने थापलेल्या या चकतीचा व्यास साधारणपणे तळहाताएवढा आणि वजन सुमारे ३० ग्रॅम असते. सकाळच्या न्याहारीला आणि सायंकाळच्या मधल्या वेळच्या खाण्याला ती खाल्ली जाते. सेव्हिय्याच्या पश्चिमेला लागून असलेले कास्तियेहा दे ला क्वेस्ता हे गाव या पदार्थासाठी प्रसिद्ध आहे.

नाव

स्पॅनिश भाषेत ‘तोर्ता’ म्हणजे चपटा गोल भाजलेला पदार्थ आणि ‘आसेइते’ म्हणजे तेल. स्पेनच्या उत्तर व मध्य भागात या दुसऱ्या शब्दाचा उच्चार ‘आथेइते’ असा होतो. सेव्हिय्यात मात्र ‘थ’ऐवजी ‘स’ ऐकू येतो.

‘तोर्ता’ हा शब्द नवख्या वाचकाची फसगत करणारा आहे. मेक्सिकोमध्ये तोर्ता म्हणजे पाव कापून त्यात सारण भरलेला सँडविच, तर दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत तोर्ता म्हणजे केक. खुद्द स्पेनमध्येही ‘तोर्ता देल कासार’ या नावाने मिळणारा पदार्थ हा मेंढीच्या दुधाचे मऊ चीज असतो. ‘तोर्तिया’ हे याच शब्दाचे लघुत्वदर्शक रूप असून स्पेनमध्ये त्याचा अर्थ अंड्यांचे जाड ऑम्लेट, तर मेक्सिकोमध्ये मक्याची किंवा गव्हाची पोळी असा होतो.

घटकांची स्पॅनिश नावे या पदार्थामागील अरबी वारसा दाखवतात. आंदालुसियाचा मोठा भाग अनेक शतके मुस्लिम सत्तेखाली होता. तेलासाठीचा ‘आसेइते’, तिळासाठीचा ‘आहोन्होली’ आणि ॲनिससाठीचा ‘मातालाऊवा’ हे तिन्ही शब्द अरबीतून आले आहेत. त्यांपैकी शेवटच्या शब्दाचा मूळ अर्थ ‘गोड दाणा’ असा आहे. साखरेसाठीचा ‘आसुकार’ हा शब्दही अरबीमार्गेच आला, परंतु त्याचे मूळ संस्कृत ‘शर्करा’ हे आहे. त्यामुळे मराठीतील ‘साखर’ आणि सेव्हिय्यातील ‘आसुकार’ हे एकाच कुळातील शब्द ठरतात. हा पदार्थ आजच्या रूपात अरबांच्या काळापासून चालत आला, असे मात्र केवळ शब्दांवरून म्हणता येत नाही.

इतिहास

कास्तियेहा दे ला क्वेस्ता हे गाव ग्वादल्किविर नदीच्या खोऱ्याशेजारी, आल्हाराफे नावाच्या उंचवट्यावर वसलेले आहे. हा भाग जुन्या काळापासून ऑलिव्हच्या बागांसाठी ओळखला जातो. मेक्सिको जिंकणारा एर्नान कोर्तेस याचा मृत्यू १५४७ मध्ये याच गावी झाला. इतिहासाच्या पुस्तकांत गावाचे नाव येते ते बहुधा याच कारणाने, बाजारात मात्र ते तोर्तांमुळे ओळखले जाते.

तोर्ता हा मूलतः घरगुती पदार्थ होता. त्याला व्यापारी रूप देणाऱ्यांमध्ये इनेस रोसालेस यांचे नाव अग्रस्थानी आहे. त्यांनी १९१० मध्ये कास्तियेहा येथे तोर्ता तयार करून विकण्यास सुरुवात केली. त्यांच्या नावाचा व्यवसाय आजही चालू असून त्याची उत्पादने स्पेनबाहेरही निर्यात होतात. प्रत्येक तोर्ता मेणकागदात स्वतंत्रपणे गुंडाळण्याची रीत त्याची ओळख बनली आहे. या कागदाचा उपयोग केवळ शोभेचा नाही. तेल बाहेर झिरपत नाही, ठिसूळ चकती सहज मोडत नाही, आणि खाताना तोच कागद ताटलीचे काम करतो.

घटक व कृती

पिठानंतर तेल हाच महत्त्वाचा घटक असून पदार्थाचा कुरकुरीतपणा त्याच्यावरच अवलंबून असतो. घरगुती कृतीत तेल आधी लिंबाची किंवा संत्र्याची साल आणि ॲनिसचे दाणे घालून गरम करतात व थंड होऊ देतात. त्यामुळे तेलाचा उग्रपणा कमी होऊन त्यात सुगंध उतरतो. मग पीठ, यीस्ट, मीठ, तीळ व पाणी घालून मऊ कणीक मळतात. ती थोडा वेळ फुगू दिल्यावर तिचे लहान गोळे करून, तेलाचा हात लावून, बोटांनी शक्य तितके पातळ थापतात. वरून साखर भुरभुरून चकत्या कडक तापलेल्या भट्टीत भाजतात. साखर काही ठिकाणी वितळून तपकिरी होते, काही ठिकाणी दाणेदारच राहते. कडा वेड्यावाकड्या असणे हे हाताने थापल्याचे लक्षण मानले जाते, दोष नव्हे.

ॲनिस म्हणजे बडीशेप नव्हे. दोन्ही वनस्पती एकाच कुळातील असून त्यांचा वासही मिळताजुळता आहे, परंतु ॲनिसचा दाणा लहान व चवीला अधिक गोडसर असतो. चक्रफुलाचा वास तसाच असला, तरी त्याचे कुळ पूर्णपणे वेगळे आहे.

या पदार्थात अंडी, दूध किंवा प्राणिजन्य चरबी नसते. मात्र स्पेनमध्ये दिसायला सारख्या अशा ‘तोर्ता दे मान्तेका’ही मिळतात आणि ‘मान्तेका’ म्हणजे बहुधा डुकराची चरबी. मांसाहार वर्ज्य असणाऱ्यांनी नावातील हा शेवटचा शब्द पाहणे आवश्यक ठरते.

खाण्याची पद्धत

स्पेनमध्ये रात्रीचे जेवण नऊ-दहाच्या सुमारास होते. त्यामुळे सायंकाळी पाच ते सातच्या दरम्यान ‘मेरिएन्दा’ नावाचे हलके खाणे घेण्याची पद्धत आहे. शाळेतून परतलेल्या मुलांसाठी ती रोजचीच असते. तोर्ता या वेळी कॉफी, दूध किंवा गरम चॉकलेटसोबत हाताने मोडून खातात. मेंढीच्या दुधाचे चीज किंवा बिहीच्या फळाची घट्ट वडीही तिच्याबरोबर चांगली लागते. ऑलिव्ह तेलामुळे तोर्ता आरोग्यदायी असल्याचे सांगितले जाते. तेल व साखर यांचे प्रमाण पाहता, ती खायला हलकी वाटली तरी ऊर्जेच्या दृष्टीने हलकी नाही.

संरक्षित नाव

‘कास्तियेहा दे ला क्वेस्ताच्या तोर्तास दे आसेइते’ या नावाची नोंद युरोपीय संघाने २०१३ मध्ये ‘पारंपरिक वैशिष्ट्याची हमी’ या वर्गात केली. हा वर्ग भौगोलिक निर्देशांकापेक्षा वेगळा आहे. भौगोलिक निर्देशांक पदार्थाला विशिष्ट प्रदेशाशी बांधतो. या वर्गात मात्र संरक्षण मिळते ते घटकांना व कृतीला. नावात गाव असले, तरी ठरवून दिलेली कृती पाळणारा उत्पादक दुसरीकडेही हा पदार्थ त्या नावाने तयार करू शकतो. इनेस रोसालेस यांच्या नावाचा कारखानाही आता कास्तियेहात नसून त्याच परिसरातील उएवार देल आल्हाराफे येथे आहे.

तत्सम पदार्थ

कातालोनिया, व्हालेन्सिया व बालेआरिक बेटे येथे ‘कोका’ या नावाचे चपटे पाव होतात. ते गोड व तिखटमिठाचे अशा दोन्ही प्रकारचे असतात. २३ जूनच्या रात्री, सेंट जॉनच्या सणाच्या पूर्वसंध्येला, कातालोनियात साखरेत मुरवलेली फळे व चिलगोजे लावलेली कोका खातात. ‘कोका दे व्हिद्रे’, म्हणजे काचेची कोका, ही अतिशय पातळ असते. तेल, साखर आणि ॲनिसची चव यांमुळे ती सेव्हिय्याच्या तोर्ताला सर्वांत जवळची आहे.