वन्समोअर, टाळी आणि शांतता

गाणे पुन्हा ऐकायचे असले की फ्रेंच प्रेक्षक ‘बिस’ म्हणून ओरडतो. हा शब्द लॅटिन. इंग्रज प्रेक्षक त्याच प्रसंगी ‘आँकोर’ म्हणतो. हा शब्द फ्रेंच. मराठी प्रेक्षक मात्र शतकाहून अधिक काळ ‘वन्समोअर’ म्हणत आला. शब्द इंग्रजी, पण नाट्यगृहात इंग्रज सहसा तो वापरत नाहीत. दाद देण्याची हौस प्रत्येकाची घरची असली, तरी तिच्यासाठी शब्द शेजाऱ्याकडून उसना आणण्याची ही रीत गमतीची आहे.

आज आपल्याकडे नाटक पाहण्याचे संकेत ठरून गेले आहेत. तिसऱ्या घंटेआधी जागेवर बसावे, मोबाइल बंद करावा, प्रवेश चालू असताना बोलू नये, अंधार झाला की टाळी वाजवावी आणि शेवटी नट रांगेत येऊन वाकले की उभे राहून मानवंदना द्यावी. हे संकेत मोडले की ‘प्रेक्षक बिघडला’ अशी हळहळ ऐकू येते. या हळहळीत एक गृहीत दडलेले असते. पूर्वीचा प्रेक्षक शिस्तीचा आणि जाणकार होता, नाटक शांतपणे पाहत होता, असे ते गृहीत. मराठी रंगभूमीचा इतिहास पाहिला तर ते टिकत नाही. जाणकार तो होता. शांत तो क्वचितच होता.

भरताचे दोन प्रेक्षक

प्रेक्षकाच्या दादीचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या ‘सिद्धी’वर, म्हणजे यशावर आहे. तेथे सिद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धी प्रेक्षकाच्या वाणीतून आणि शरीरातून प्रकट होते. स्मित, अर्धहास्य, मोठे हसू, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ हे उद्गार ही वाणीची लक्षणे. अंगावर रोमांच येणे, आसनावरून उठणे, नटाला वस्त्रे देणे ही शरीराची. यातला प्रत्येक प्रतिसाद कशाला शोभतो हेही भरत सांगतो. विस्मयाला ‘अहो’, करुणाला ‘कष्टम्’. दैवी सिद्धीचे लक्षण अगदी वेगळे आहे. प्रेक्षागृह भरलेले आहे, पण आवाज नाही, गडबड नाही, कसलाही उत्पात नाही.

म्हणजे शांत प्रेक्षकाला भरत वरचे स्थान देतो खरा, पण बोलक्या प्रेक्षकाला दोष देत नाही. त्याचा प्रतिसादही यशाच्याच खात्यात जमा होतो. दोषांची यादी निराळी आहे आणि ती वाचताना हसू येते. वैऱ्यांकडून प्रयोगात येणाऱ्या विघ्नांत मोठमोठ्याने हसणे-रडणे तर आहेच, शिवाय शेण, ढेकळे आणि मुंग्या टाकणेही आहे. प्रतिस्पर्ध्याचा प्रयोग पाडण्याची कला आजची नव्हे!

भरताच्या या मांडणीतली एक गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासाला लागू पडते. दाद केव्हा आणि कशी द्यावी हे समोरचे नाट्य ठरवते. नाटकाची घडण बदलली की प्रेक्षकाची रीतही बदलते.

पद पात्राच्या तोंडी आले

5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा पदे सूत्रधार गात असे आणि पात्रे त्यांना धरून भाषणे करीत. गाणे नाटकाचे होते, नटाचे नव्हते. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले आणि ही व्यवस्था पालटली. शकुंतलेचे पद शकुंतलाच गाऊ लागली. दाद आता एका माणसाला, त्याच्या गळ्याला आणि त्या क्षणाला देता येऊ लागली. भाऊराव कोल्हटकरांसारखा गायक नट त्या जागी उभा राहिला, तेव्हा ते पद एकदाच ऐकून प्रेक्षकाचे समाधान होईना.

किर्लोस्करांची पदे लहान होती. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातल्या चाली लोकांच्या ओळखीच्या होत्या. दोन-चार ओळींचे पद पुन्हा म्हणायला वेळ लागत नसे. शिवाय कथा सर्वांना ठाऊक असे. सुभद्रेचे लग्न कोणाशी होणार याची काळजी ‘सौभद्रा’च्या प्रेक्षकांत कोणालाच नव्हती. त्यामुळे सुभद्रेने तोच विलाप दोनदा केला तरी रसभंग होत नसे. पुढे काय होणार यापेक्षा हे कसे गायले जाणार, याची ओढ मोठी होती.

1911 मध्ये कृ. प्र. खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. गोविंदराव टेंब्यांनी त्याच्या चाली हिंदुस्थानी रागसंगीतातल्या बंदिशींवर बेतल्या. 1916 च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांचे संगीत लाभले. पदाला आता विस्ताराची जागा मिळाली आणि वन्समोअरचा अर्थच बदलला. पूर्वी तो ‘तेच पुन्हा’ होता, आता ‘तेच, पण नव्याने’ झाला. बालगंधर्व प्रत्येक वन्समोअरला त्याच ओळीत वेगळी जागा दाखवीत. तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे साथीदार असले की प्रयोग नाटकही असे आणि मैफलही. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चाले याचे कारण हेच. त्या प्रेक्षकाला बेशिस्त म्हणायचे, तर त्याच्यासाठी पदांच्या जागा राखणाऱ्या नाटककाराला, चाली बांधणाऱ्या संगीतकाराला आणि हात जोडून पुन्हा उभ्या राहणाऱ्या नटालाही म्हणावे लागेल. तो चौघांच्या संमतीने चाललेला व्यवहार होता.

या व्यवहाराचा कळस म्हणजे 8 जुलै 1921 रोजी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्या एकत्र आल्या. भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. दोघांचे भक्त एकाच प्रेक्षागृहात बसले होते. अशा रात्री टाळी रसिकतेची असते तशी बाजू घेण्याचीही असते. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव गेले.

युरोपातही हेच भांडण

वन्समोअर ही आपल्याच उत्साहाची विकृती, असे कोणाला वाटेल म्हणून थोडे बाहेर पाहू. 1786 मध्ये व्हिएन्नात मोझार्टच्या ‘फिगारो’ला इतक्या पुनरावृत्त्या मागितल्या गेल्या की सम्राट दुसऱ्या जोसेफने हुकूम काढला. एकट्याने गायचे गीत पुन्हा म्हणता येईल, अनेकांनी मिळून गायचे नाही. नाट्यगृहाच्या टाळीत सम्राटाने लक्ष घातले, यावरून ती किती प्रबळ असेल हे कळते.

1882 हे वर्ष तर तुलनेसाठी मुद्दाम आखल्यासारखे आहे. पुण्यात ‘सौभद्र’ आले त्याच वर्षी जर्मनीतल्या बायरॉइट येथे वागनरचे ‘पार्सिफाल’ प्रथम झाले. दुसऱ्या अंकानंतर नट पडद्याबाहेर येणार नाहीत असे वागनरने सुचवले. प्रेक्षकांनी त्याचा अर्थ टाळीच वाजवायची नाही असा घेतला. पुढच्या एका प्रयोगात स्वतः वागनरने एका प्रवेशाला ‘ब्राव्हो’ म्हणून दाद दिली, तेव्हा आजूबाजूच्या भक्तांनी त्यालाच ‘शूऽऽ’ करून गप्प केले. संकेत एकदा रूढ झाला की तो निर्मात्याचेही ऐकत नाही. इटलीत मिलानच्या ला स्काला नाट्यगृहातून 1903 मध्ये संचालक टोस्कानिनी प्रयोग अर्धवट टाकून निघून गेला, तोही पुनरावृत्तीच्या आग्रहाला वैतागून. शांत प्रेक्षक युरोपलाही आयता मिळाला नव्हता. तो तेथे घडवावा लागला.

सरकारने वाचलेले चेहरे

मराठी प्रेक्षकाच्या आवाजाला गाण्यापलीकडेही एक अर्थ होता. 1907 मध्ये खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. त्यात पदांची मोहिनी नव्हती. कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन, द्रौपदीच्या जागी हिंदुस्थान, युधिष्ठिराच्या जागी मवाळ आणि भीमाच्या जागी जहाल, हे प्रेक्षकाने न सांगता ओळखले. रंगभूमीवर कोणी कर्झनचे नाव घेतले नव्हते. नाटकाचा दुसरा अर्थ प्रेक्षागृहात पुरा होत होता.

सरकारलाही ते कळले. 1910 मध्ये ‘कीचकवधा’वर बंदी आली. हाताशी 1876 चा नाट्यप्रयोगांचा कायदा होताच. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोलने हिंदुस्थानातील असंतोषावरील आपल्या पुस्तकात या नाटकाच्या प्रयोगाचे एक वर्णन दिले. त्यात पुरुषांच्या कपाळावरच्या आठ्या आहेत, द्रौपदीची विनवणी ऐकणाऱ्या स्त्रियांचे पाणावलेले डोळे आहेत आणि कीचक मारला जातो तेव्हा उठणारी समाधानाची खोल गुणगुण आहे. आरोपपत्रात नटाच्या अभिनयाइतकाच प्रेक्षकाचा हुंकार नोंदवला जावा, असा हा प्रकार आहे. सभाबंदी असलेल्या काळात नाट्यगृह ही लोकांनी एकत्र बसून एकाच क्षणी मत देण्याची जागा होती. त्या मताला शिष्टाचाराच्या नावाने गप्प करणे म्हणजे काय, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

घड्याळ आणि चौथी भिंत

मग शांतता आली कशी? 1 जुलै 1933 रोजी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते केले होते. घर खऱ्या घरासारखे, स्त्रीभूमिका स्त्रियांकडे, पदे मोजकी. पात्रे एकमेकांशी बोलत होती आणि प्रेक्षक जणू एक भिंत काढून त्यांच्या दिवाणखान्यात डोकावत होता. डोकावणाऱ्याने टाळी वाजवली तर चोरी उघडी पडते! शिवाय या नाटकाची कथा ठाऊक नव्हती. पुढचे वाक्य ऐकू आले नाही तर धागा तुटत होता. सुभद्रेच्या प्रेक्षकाला ही अडचण कधीच नव्हती.

याच सुमारास बोलपट आला. ‘अयोध्येचा राजा’ 1932 चा. पडद्यावरच्या नटाला वन्समोअर ऐकू येत नाही आणि खेळाची वेळ ठरलेली असते. रात्रभराचे नाटक तीन तासांच्या खेळापुढे महाग आणि दमवणारे ठरू लागले. मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ने 1942 च्या ‘कुलवधू’त तीन अंकांचा आटोपशीर घाट आणि थोडी, गोड पदे यांचा मेळ घातला. पुढे शहरोशहरी नाट्यगृहे झाली, ती सत्रांच्या हिशेबाने चालू लागली. दुपारचे नाटक लांबले तर रात्रीच्या मंडळींचे नेपथ्य लागणार केव्हा? वन्समोअरला शिष्टाचाराने जेवढे रोखले, तेवढेच, कदाचित अधिकही, घड्याळाने रोखले.

तरी तो संपला नाही. 1967 चा डिसेंबर याची साक्ष देतो. त्या एकाच महिन्यात मुंबईत दोन नाटके आली. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब उभा राहिला आणि प्रेक्षकांनी आजोबांच्या काळचा हक्क पुन्हा बजावला. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये सुलभा देशपांड्यांची बेणारे बोलू लागली, तेव्हा शांततेची सूचना जणू प्रेक्षागृहालाही होती. त्या स्वगताच्या मध्यावर टाळी पडली असती तर छळणाऱ्यांच्या घोळक्यात आणखी एक आवाज मिसळला असता. दोन्हीकडे बसलेला प्रेक्षक एकाच शहरातला, कित्येकदा एकच. कोठे बोलायचे आणि कोठे थांबायचे हे त्याला नाटकाने शिकवले होते.

टाळीचे वाक्य

दादीची सवय नाटकाला बिघडवतही असते, हे मान्य केले पाहिजे. आपल्या नाट्यव्यवसायात ‘टाळीचे वाक्य’, ‘एन्ट्रीची टाळी’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. टाळी हमखास मिळते असे कळले की लेखक तिच्यासाठी लिहितो, नट तिच्यासाठी थांबतो आणि शेजारचे पात्र ती संपण्याची वाट पाहत ताटकळते. काशिनाथ घाणेकरांच्या ‘लाल्या’ने 1966 नंतर नाट्यगृहे दणाणून सोडली, त्यात अस्सल किमया होती. पण अनुकरण करणाऱ्यांच्या हाती पुष्कळदा नुसता थांबा उरला. हल्ली शेवटी उभे राहून दिली जाणारी मानवंदनाही तशीच होऊ पाहते आहे. एक रांग उठली की मागच्यांना दिसत नाही, म्हणून तेही उठतात. ज्या दादीला नकार देण्याची सोय नाही, तिला दाद म्हणावे का?

मोबाइलचा प्रश्न मात्र या इतिहासात बसत नाही. 2019 मध्ये काही नामवंत नटांनी प्रयोगात वाजणाऱ्या फोनांबद्दल जाहीर संताप व्यक्त केला. तो रास्तच होता. वन्समोअर मागणारा प्रेक्षक नाटकात इतका बुडालेला असे की त्याला ते संपू नये असे वाटे. फोन घेणारा प्रेक्षक नाटकातून उठून गेलेला असतो, फक्त खुर्ची त्याने सोडलेली नसते. या दोघांना एकाच ‘बेशिस्त’ शब्दात बांधणे हा पहिल्यावर अन्याय आहे. भरताच्या भाषेत पहिला सिद्धीच्या खात्यातला, दुसरा विघ्नांच्या.

म्हणून नाट्यगृहाच्या दारावर पाटी लावायचीच असेल, तर ‘शांतता राखा’पेक्षा ‘लक्ष द्या’ ही अधिक नेमकी ठरेल. लक्ष देणाऱ्या प्रेक्षकाला टाळी केव्हा वाजवायची हे सांगावे लागत नाही. पुण्यात तो पहाटेपर्यंत पद पुन्हा मागत राहिला, ‘कीचकवधा’ला खोल आवाजात गुणगुणला आणि बेणारेसमोर गप्प बसला. तिन्ही वेळा तो आपले काम चोख करीत होता.