ओला की सुका?

मागच्या वर्षी लिस्बनहून मामेभाऊ आला, तो माझ्यासाठी कॉफीचं एक यंत्र घेऊन आला. ॲल्युमिनियमची इवलीशी डबी, म्हणजे कॅप्सूल, आत सरकवायची आणि बटण दाबायचं. अर्ध्या मिनिटात फेसाळ कॉफी हजर! दोन आठवडे आमची मोठी चैन झाली. मग एका सकाळी पंचायतीच्या कचरागाडीवरच्या बाईने माझी पिशवी उघडली आणि विचारलं, "बाब, हो कोयर ओलो काय सुको?"

मला उत्तर देता येईना. बाहेरून सुका, आतून ओला! या प्रश्नाने मला कॅप्सूलच्या इतिहासाकडे नेलं.

ही कल्पना एरिक फाव्र या स्विस अभियंत्याची. 1975 मध्ये रोममधल्या सांत एउस्ताकियो कॉफीघरात त्याने पाहिलं, की तिथला माणूस पाणी पुन्हा पुन्हा दाबून कॉफीत हवा मिसळतो, म्हणून तिला एवढा फेस येतो. तेच काम बंद डबीत करायचं त्याने ठरवलं. 1976 मध्ये पेटंट निघालं, तरी नेसप्रेसो बाजारात यायला 1986 उजाडलं. सुरुवातीला धंदा चाललाच नाही. 1988 मध्ये जाँ-पॉल गैयार आला आणि त्याने कॅप्सूल कचेऱ्यांऐवजी घरांत नेली. तिकडे अमेरिकेत जॉन सिल्व्हन आणि पीटर ड्रॅगोन यांनी 1992 मध्ये क्यूरिग काढली. त्यांचा प्लास्टिकचा के-कप 1998 मध्ये आला.

गंमत पाहा. सिल्व्हनने 1997 मध्येच आपला वाटा 50 हजार डॉलरना विकला होता. 2015 मध्ये एका मुलाखतीत तो म्हणाला, की हे आपण केलं याचा कधीकधी पश्चात्ताप होतो. गैयारने तर 2008 मध्ये विघटनशील कॅप्सूल बनवणारी स्वतःची कंपनी काढली. घर बांधणारेच त्याच्या पायाबद्दल शंका घेऊ लागले!

2016 मध्ये जर्मनीच्या हॅम्बुर्ग शहराने सरकारी पैशातून अशी यंत्रं विकत घ्यायला बंदी केली. त्यांचा हिशेब साधा होता: 6 ग्रॅम कॉफीसाठी 3 ग्रॅम वेष्टन.

कंपन्या म्हणतात, डबी परत द्या, आम्ही पुन्हा वापरू. ॲल्युमिनियम वितळवून परत वापरलं तर नव्या धातूच्या मानाने सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते, हे खरंच आहे. पण त्यासाठी डबी परत जायला हवी. ती एवढी लहान आणि आत चोथा भरलेली, की साध्या कचरा-छाननीत हाती लागणं कठीण. क्यूरिगने 2020 च्या अखेरीपर्यंत सगळे कप पुनर्वापराजोग्या प्लास्टिकचे केले. तरी सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने कंपनीला 15 लाख डॉलर दंड केला. दोन मोठ्या पुनर्वापर कंपन्यांनी हे कप घेण्याबद्दल शंका काढल्या होत्या आणि अहवालात ते सांगितलंच नव्हतं. 'विघटनशील' कॅप्सूलचंही तसंच. त्यातल्या बऱ्याच कारखान्यातल्या कंपोस्टच्या उष्णतेतच कुजतात. आमच्या भाटातल्या खड्ड्यात ती उष्णता कुठली!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. कॉफीचा मोठा भार डबीत नसतो. तो मळ्यात आणि पाणी उकळण्यात असतो. 7 ग्रॅम कॉफी पिकवायला पावसाचं धरून सुमारे 130 लिटर पाणी लागतं. कॅप्सूल मोजकीच कॉफी वापरते आणि मोजकंच पाणी तापवते. आपण भरमसाट कॉफी करून अर्धी मोरीत ओतत असू, तर डबीला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

पण मोजून करायला डबीच कशाला हवी? 1908 मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून गाळणी केली. 1933 मध्ये इटलीत बियालेत्तीचं मोका भांडं आलं, त्यात तर कागदही लागत नाही. धारवाडच्या मावशीकडचा पितळी फिल्टर कित्येक वर्षं तोच आहे. कॅप्सूलचं यंत्रच हवं असेल तर परत भरता येणारी स्टीलची डबी मिळते. स्वित्झर्लंडच्या मिग्रोसने 2022 मध्ये डबीच काढून टाकली. कॉफीचा दाबलेला गोळा आणि त्यावर समुद्री शेवाळापासून केलेलं पातळ आवरण, एवढंच.

मी उरलेल्या कॅप्सूल एकेक करून चमच्याने कोरल्या. चोथा अबोलीच्या मुळाशी गेला, धातू वेगळ्या डब्यात. कॉफी प्यायला लागला त्याच्या तिप्पट वेळ गेला! मग स्टीलची डबी मागवली. यंत्र अजून आहे. पाहुणा आला की चालतं. एरवी सकाळी पितळी फिल्टर.

परवा कचरागाडी आली. बाईने पिशवी उघडली, आत पाहिलं आणि काही न विचारता पुढे गेली. असो. तुमच्या घरचा कचरा तिला विचारात पाडतो का, एकदा बघा.