मोक्षपट : एका उपेक्षित खेळाचे गुणदोष



सापशिडी ठाऊक नाहीं असें घर आपल्यांत विरळाच. परंतु ती ज्यापासून निपजली त्या मोक्षपटाची ओळख मात्र फार थोड्यांना उरली आहे. त्याच खेळाचे गुण आणि दोष आज आपणांपुढें मांडावयाचे आहेत.

करमणुकीला धर्माकडे वळविण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी. आमच्या वटारपासून जवळच असलेल्या सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पूर्वींचे राजे मृगयादि करमणुकीसाठीं विहारयात्रा करीत. आपण त्यांच्या जागीं धर्मयात्रा सुरू केल्या, असें त्या लेखांत अशोकानें म्हटलें आहे. यात्रा राहिली, प्रयोजन पालटलें. मोक्षपटानें द्यूताच्या बाबतींत हेंच केलें. फांसे आणि कवड्या त्याच. परंतु पणाला लागलें तें धन नव्हे, तर जीवाचा प्रवास.

या पटाचें जनकत्व लोकपरंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. आज उपलब्ध असलेले जुने पट मात्र बहुतेक अठराव्या शतकापासूनचे आहेत. जैनांचा ज्ञानचौपड बहुधा ८४ घरांचा, वैष्णवांचा ७२ घरांचा. सूफींनींहि आपला निराळा पट रचला. प्रत्येक घराला नांव असे. शिडी म्हणजे दया, भक्ति, सत्संग. साप म्हणजे काम, क्रोध, मत्सर.

त्याचा पहिला गुण हा कीं, तेथें पतन निनांवी नसे. सोंगटी खालीं आली कीं मूल विचारी, 'मत्सर म्हणजे काय?' आणि वडील मंडळींस उत्तर द्यावेंच लागे. दुसरा गुण रचनेंतला. ७२ घरांच्या पटांत वैकुंठ शेवटच्या घरीं नसून ६८ व्या घरीं आहे. त्याच्याहि पुढें जाणाऱ्याची गांठ अखेर ७२ व्या घरीं तमोगुणाशीं पडते. पुढें जाणें म्हणजेच वर जाणें नव्हे, ही गोष्ट याहून सोप्या रीतीनें कोणी शिकविली असेल असें मला वाटत नाहीं.

आतां दोष. कर्मसिद्धांत सांगतो कीं जसें करावें तसें भोगावें. पटावर मात्र खेळाडू कांहींच करीत नाहीं. दया न करतांच तो दयेच्या घरीं पोंचतो आणि मत्सर न करतांच मत्सराच्या तोंडीं सांपडतो. फांसा म्हणजे प्रारब्ध, असें समर्थन करतां येईल. पण मग पुरुषार्थाला जागा कोठें राहिली?

या उणिवेचें मर्म जपानच्या उदाहरणानें अधिक स्पष्ट होतें. तेथेंहि जोदो सुगोरोकु नांवाचा बौद्ध पट होता. त्याचा आरंभ आपल्या संकल्पांतल्या जंबुद्वीपापासूनच होई, फांशावर ठिपक्यांऐवजीं अक्षरें असत आणि एका नरकांत पडलेला खेळाडू कायमचा बाद होई. दैवाचीच ही सत्ता. पुढें त्याच देशांत १९८६ सालीं युजी होरी यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' हा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचा खेळ निघाला. त्यांत खेळणारा एका वीराची भूमिका घेतो. कोठें जावें, केव्हां लढावें हें तो स्वतः ठरवितो. वीर पडला तर त्याचें अर्धें द्रव्य जातें; मिळविलेला अनुभव मात्र जात नाहीं. मोक्षपटाचा साप इतका उदार नाहीं. उलट पक्षीं, त्या वीराचें बळ वाढतें तें मुख्यतः शत्रू मारून. दया आणि क्षमा यांनीं तें वाढत नाहीं. एका खेळानें सद्गुणांना नांवें दिलीं पण प्रयत्नाला वाव दिला नाहीं. दुसऱ्यानें प्रयत्नाला फळ दिलें, पण सद्गुणांचा हिशेब ठेवला नाहीं.

मोक्षपटाची उपेक्षा मात्र त्याच्या दोषामुळें झाली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडांत गेला. १८९२ सालीं लंडनच्या एफ. एच. आयर्स यांनीं आपली आवृत्ति नोंदविली. पुढें पुढें नीतीचीं नांवें गळालीं आणि नुसते आंकडे उरले. १९४३ सालीं अमेरिकेंत तर सापहि जाऊन घसरगुंड्या आल्या. तोच उघडाबोडका खेळ आपण बाजारांतून विकत आणूं लागलों. दोष जो दैवाधीनतेचा, तो जसाच्या तसा राहिला. गुण तेवढा गेला. आपलीं मुलें आज पडतात, परंतु कशामुळें पडलों हें विचारीत नाहींत.

म्हणून एक सुचवितों. सुटीच्या दिवशीं साध्या पुठ्ठ्यावर ७२ घरें आंखा आणि तींत नांवें मुलांकडूनच भरून घ्या. शिडीच्या पायथ्याशीं येणाऱ्यानें त्या गुणाचें पाहिलेलें एक उदाहरण सांगावें, मगच वर चढावें, असा नियम ठेवा. फांशाचा अंमल थोडा कमी होईल आणि जुन्या पटाला जें साधलें नाहीं, तें कदाचित् आपल्या ओसरीवर साधेल.