कानातला उपदेश आणि बाजारातला बैल

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको की बैल कोणी एकट्याने घेत नाही. एक जण जबडा उघडून दात पाहतो आणि बैल आदत, दुसा, चौसा की जुळलेला ते ठरवतो. दुसरा खूर आणि चाल पाहतो. तिसरा नुसता मालकाच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. मग उपरण्याखाली बोटे धरून किंमत होते. माझे वडील म्हणत, ‘एकट्याच्या डोळ्याला बैल नेहमी चांगलाच दिसतो.’

गेल्या वर्षी याच बाजारात माझ्या पुतण्याने मला एक प्रश्न विचारला. नोकरी सोडून तो गावी शेतीत आलेला. टोमॅटोत लागोपाठ दोनदा तोटा झाला होता आणि घरात जमीन खंडाने द्यायची भाषा सुरू होती. पोराच्या कानात मात्र दिवसभर पॉडकास्ट. एका वेळी एकच काम करा, रोज थोडे थोडे सुधारा, वेळेचा हिशेब ठेवा. तो म्हणाला, “काका, दोन वर्षं ऐकतोय, पुस्तकंही वाचली. सगळं पटतं. मग माझ्यात काहीच का बदलत नाही?”

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. माझ्याही कपाटात अशी पुस्तके आहेत, पेन्सिलीने खुणा केलेली. त्यामुळे उत्तर देण्याऐवजी मी त्याचा प्रश्नच घरी घेऊन आलो. ऐकून आणि वाचून माणूस सुधारतो का, हे आपल्याकडे कधी कोणी तपासून पाहिले आहे का?

ऐकण्याची थोरवी आपल्याला नवी नाही. दासबोधात नवविधा भक्तीची सुरुवात चौथ्या दशकाच्या पहिल्या समासात श्रवणानेच होते. पण त्याच ग्रंथात, दुसऱ्या दशकाच्या शेवटच्या समासात, समर्थांनी पढतमूर्खाची लक्षणेही दिली आहेत. मूर्खाचा समास आधीच होऊन गेला असताना हा वेगळा मूर्ख त्यांना का सांगावा लागला? कारण याला सगळे ठाऊक असते, आणि तरीही ते त्याच्या वागण्यात उतरत नाही. परंपरेने श्रवणाच्या पुढे मनन आणि निदिध्यास ठेवले, ते याच भीतीने. शिवाय आपले श्रवण सहसा चारचौघांत व्हायचे. कीर्तन संपले की देवळाच्या पायरीवर त्याची चिरफाड होई.

या प्रश्नाचा शास्त्रीय तपास झाला तो मात्र रेडिओच्या काळात, आणि तोही आपल्याच जिल्ह्यात. पुण्याचे आकाशवाणी केंद्र 1953 साली सुरू झाले. तीन वर्षांनी, 1956च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, आकाशवाणी आणि युनेस्कोने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत एक प्रयोग केला. गावातल्या काही जणांचे एक मंडळ करायचे. आठवड्यातून दोनदा सर्वांनी एका रेडिओभोवती बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा. असे वीस कार्यक्रम झाले. विषय शेती, आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायत असे रोजच्या जगण्यातले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद, आणि खरे काम तिथून सुरू. ऐकलेले आपल्या गावाला लागू पडते का, यावर बोलायचे, शंका लिहून पुणे केंद्राला कळवायच्या आणि काय करायचे ते ठरवायचे. त्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत.

ही कल्पना कॅनडातली. तिथे 1941पासून शेतकरी शेजाऱ्यांच्या घरी जमून सोमवारी रात्री असा कार्यक्रम ऐकत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्यांचे ब्रीद. आपल्याकडे त्यातले ‘वाचा’ गळले आणि उरलेले तीन शब्द राहिले.

प्रयोगाचे मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ त्याचे प्रमुख होते. त्यांनी तीन प्रकारची गावे ताडून पाहिली : मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. प्रयोगाआधी आणि नंतर लोकांना त्याच विषयांवर प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती चांगलीच वाढलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ थोडकीच होती, रेडिओ नसलेल्या गावांहून फारशी वेगळी नाही. हे वाचताना मी थबकलो. आवाज तोच, तज्ज्ञही तेच. फरक होता तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या वेळेचा.

1959मध्ये ही योजना देशभर नेली गेली, पण पुण्याच्या प्रयोगातली धग पुढे टिकली नाही. माझ्या मते एक कारण ट्रान्झिस्टर. गावाचा एक रेडिओ होता तोवर ऐकायला जमावे लागे. तो घराघरांत, मग खिशात आला आणि जमण्याची गरजच संपली. आता तर तो थेट कानात गेला आहे. कानातल्या आवाजाशी कोणी वाद घालत नाही, आणि “मग उद्यापासून काय करणार?” असे तो आवाजही विचारत नाही.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले. उपदेश नको म्हणून एवढेच सुचवले, की सोमवारी बाजार उरकला की चौघांनी जमायचे. एकच भाग, अर्धा तास, फोन मोठ्या आवाजात मध्ये ठेवून ऐकायचा, मग बंद करून भांडायचे. उठण्याआधी एक गोष्ट ठरवायची, एकच.

पहिल्या सोमवारी हिशेबावरचा भाग लागला. एक जण म्हणाला, “हे दुकानदारांना ठीक आहे.” दुसऱ्याने विचारले, “तुझ्या टोमॅटोला एकरी खर्च किती आला, सांग बरं?” पुतण्याला सांगता आले नाही. चौघांनाही आले नाही. त्या दिवशी ठरले ते इतकेच, की रोप, तार, बांबू, औषध, मजुरी, गाडीभाडे सगळे वहीत लिहायचे, आणि घरच्या माणसांची मजुरीही धरायची. महिन्याने वही उघडली तेव्हा पुतण्याच्या लक्षात आले, की आईच्या कष्टाचा रुपया त्याने आजवर कधी मांडलाच नव्हता.

जमीन खंडाने द्यायची की नाही, हे अजून ठरायचे आहे. पण आता ते वही समोर ठेवून ठरेल, आणि त्या वेळी वहिनीही बसलेल्या असतील. पुतण्या पॉडकास्ट अजूनही ऐकतो. फक्त सोमवारी एखादा भाग बाजारात आणतो आणि चौघांना म्हणतो, “दात बघा याचे.”